स्त्रीचा गुडघा, पुरुषाचा गुडघा : एका सरासरीची उलटतपासणी

संगमनेर तालुक्यात आमच्या आत्याबाई राहतात. वय सत्तरीच्या पुढे, सारी हयात शेतीत गेलेली आणि गेली आठ-दहा वर्षे गुडघ्यांनी बेजार. मागच्या उन्हाळ्यात भेटायला गेलो तेव्हा त्यांनी एका दवाखान्यातून मिळालेले घडीपत्रक आमच्यापुढे टाकले. त्यावर स्त्री आणि पुरुष यांच्या सांगाड्यांची दोन चित्रे शेजारी शेजारी छापली होती. स्त्रीच्या चित्रात कमरेचा हाडांचा कडा, म्हणजे श्रोणी, रुंद. मांडीची हाडे तिरकी होत खाली आलेली. गुडघे एकमेकांकडे वळलेले. खालच्या मजकुराचा सारांश असा : स्त्रियांची श्रोणी रुंद असते, त्यामुळे त्यांचे गुडघे आत वळतात, त्यामुळे गुडघ्यावर विषम भार येतो, आणि म्हणून गुडघ्याचा संधिवात स्त्रियांना अधिक होतो. आत्याबाईंनी चष्मा लावून चित्र पुन्हा न्याहाळले आणि म्हणाल्या, “अरे, ह्या बाईचे गुडघे आत वळलेत. माझे तर बाहेर पळायला लागलेत. मग हा कागद माझा कसा?”

प्रश्न बिनतोड होता. आम्ही वैद्यक नव्हे. आमचे संशोधन धातू आणि प्लॅस्टिकसारखे पदार्थ एकमेकांवर घासले की कसे झिजतात यावरचे. त्यामुळे तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. पुढे काही महिने या विषयावरचे शोधनिबंध वाचले. पत्रकातली ‘म्हणून-म्हणून’ची साखळी केवळ त्या पत्रकाची नाही. ती शरीररचनेच्या टिपणांत आहे, आरोग्यविषयक सदरांत आहे, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्यांत आहे. या साखळीची कडी न् कडी वाजवून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी कोन म्हणजे काय ते पाहू. खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचे गोल डोके बसलेले असते. त्या डोक्याच्या मध्यापासून गुडघ्याच्या मध्यापर्यंत एक रेषा काढा, आणि गुडघ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत दुसरी. दोन्ही रेषा एका सरळीत आल्या तर कोन १८० अंश; पाय सरळ. गुडघा या सरळीच्या बाहेर गेला तर पाय धनुष्यासारखा दिसतो. आपण त्याला फेंगडा पाय म्हणतो, डॉक्टर त्याला ‘व्हेरस’ म्हणतात. गुडघा आत आला, दोन्ही गुडघे एकमेकांना घासू लागले, तर तो ‘व्हॅल्गस’. जन्मलेले मूल थोडे फेंगडेच असते. दीड-दोन वर्षांपर्यंत पाय सरळ होतात, तीन-चार वर्षांच्या सुमारास उलट गुडघे आत वळतात आणि सातव्या वर्षापर्यंत मोठ्या माणसासारखी ठेवण येते. पहिलीच्या वर्गातल्या मुलाचे गुडघे जवळ आलेले दिसले तर पालकांनी धास्ती घेऊ नये, हे शिक्षकांनी जाता जाता सांगायला हरकत नाही.

या कोनाला महत्त्व का, तर तो भाराची वाटणी ठरवतो. चालताना एकेका गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. गुडघ्याच्या सांध्यात आतला आणि बाहेरचा असे दोन कप्पे आहेत, आणि पाय अगदी सरळ असला तरी भाराचा निम्म्याहून बराच अधिक वाटा आतला कप्पा उचलतो. पाय फेंगडा झाला की आतल्या कप्प्याचा वाटा आणखी वाढतो. गुडघे आत वळले की बाहेरच्या कप्प्याचा. शिकागो येथे लीना शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवात असलेल्या सुमारे सव्वादोनशे लोकांवर अठरा महिने लक्ष ठेवले. २००१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, पाय फेंगडा असेल तर आतल्या कप्प्याची झीज वाढण्याची शक्यता चौपट होते, आणि गुडघे आत वळलेले असतील तर बाहेरच्या कप्प्याची जवळजवळ पाचपट. म्हणजे कोनाचा आणि झिजेचा संबंध खरा आहे. आमचे भांडण कोनाशी नाही.

भांडण सुरू होते ते पुढच्या कडीपाशी. पत्रकाचे म्हणणे खरे मानले, तर संधिवाताने आजारी स्त्रियांचे गुडघे आत वळलेले दिसायला हवेत आणि झीज बाहेरच्या कप्प्यात व्हायला हवी. आपल्याकडे चित्र नेमके उलटे आहे. कोणत्याही अस्थिरोगतज्ज्ञाला विचारा, किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी एस. टी. स्टँडवर दहा मिनिटे उभे राहा. डुलत डुलत, दोन्ही पायांत कमान धरून चालणाऱ्या म्हाताऱ्या बायका दिसतात. गुडघ्यावर गुडघा घासत चालणारी एखादीच. आपल्या रुग्णांत झीज बहुतेक आतल्या कप्प्यात होते. गुडघे आत वळलेले रुग्ण असतात, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक असते, हे खरे. पण असे रुग्ण एकंदरीत थोडे. थोड्यांसाठी कदाचित लागू पडणारे स्पष्टीकरण सगळ्यांच्या गळ्यात घातले गेले आहे.

आता निरोगी माणसे घेऊ. बेल्जियममध्ये योहान बेलेमान्स आणि सहकाऱ्यांनी २० ते २७ वर्षे वयाच्या, गुडघ्याची काहीही तक्रार नसलेल्या २५० तरुण-तरुणींची संपूर्ण पायाची क्ष-किरणचित्रे घेतली आणि २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन अंश किंवा अधिक फेंगडेपणा पुरुषांपैकी ३२ टक्क्यांत आढळला, स्त्रियांपैकी १७ टक्क्यांत. म्हणजे निरोगी तारुण्यात पाय फेंगडा असण्याचे प्रमाण पुरुषांत जवळजवळ दुप्पट. फेंगडेपणा हेच संधिवाताचे मूळ असते तर म्हातारपणी पुरुषांची रांग लांब दिसली असती. प्रत्यक्षात जगभरच्या पाहण्यांत स्त्रियांची रांग लांब आहे. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या दीर्घ पाहणीत नव्याने संधिवात होण्याचे प्रमाण स्त्रियांत पुरुषांच्या १.७ पट निघाले. गुडघे आत वळल्याने संधिवात होतो म्हणावे तर रुग्णांचे गुडघे बाहेर. गुडघे बाहेर गेल्याने होतो म्हणावे तर निरोगी पुरुषांचे गुडघे अधिक बाहेर. कोनाच्या जोरावर स्त्री-पुरुषांतला फरक समजावू पाहणारा दोन्हीकडून अडकतो.

इथे एक शंका येईल. आजार झाल्यावर कोन महत्त्वाचा, हे मान्य. पण आजार सुरू व्हायलाही तोच कारण नसेल कशावरून? या प्रश्नावर अभ्यासकांतच एकवाक्यता नव्हती. २००७ या एकाच वर्षी दोन मोठ्या पाहण्यांचे निष्कर्ष छापून आले : फ्रॅमिंगहॅमच्या गटाने म्हटले की कोनावरून पुढे होणाऱ्या संधिवाताचे भाकीत करता येत नाही, रॉटरडॅमच्या गटाने म्हटले की येते, आणि वजन जास्त असलेल्यांत विशेष येते. आम्हांला यात काही लाजिरवाणे वाटत नाही. विज्ञान असेच चालते. लाजिरवाणे आहे ते एवढेच, की असे प्रश्न उघडे असताना पत्रकांत ‘म्हणून’ हा शब्द इतक्या निर्धास्तपणे छापला जावा.

आता सरासरीकडे वळू, कारण शिक्षकांना वर्गात याचा उपयोग अधिक. बेल्जियमच्या त्याच पाहणीत स्त्री आणि पुरुष यांच्या सरासरी कोनांतला फरक होता सुमारे एक अंशाचा. आणि प्रत्येक गटातले प्रमाण विचलन, म्हणजे माणसामाणसांतल्या फरकाचे माप, होते दोन अंशांहून अधिक. या आकड्यांवरून आम्ही एक हिशेब मांडला. दोन्ही गटांची विभागणी घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे आहे असे धरले आणि डोळे झाकून एक पुरुष व एक स्त्री अशा शंभर जोड्या निवडल्या, तर सुमारे ६३ जोड्यांत पुरुषाचा पाय अधिक फेंगडा निघेल आणि ३७ जोड्यांत स्त्रीचा. फरक आहे, पण तो जोडीतल्या स्त्रीकडे पाहून तिचा पाय ओळखता यावा इतका नाही. शोधनिबंधात ‘फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय आहे’ असे वाक्य येते. त्याचा अर्थ इतकाच, की हा फरक केवळ योगायोगाने आला असण्याची शक्यता कमी आहे. फरक मोठा आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. माणसे पुरेशी मोजली तर अर्ध्या अंशाचा फरकही ‘लक्षणीय’ ठरतो. पत्रकातल्या चित्रकाराने मात्र एका अंशाचे दहा अंश करून टाकले होते. त्या चित्रातल्या बाईला चालताच आले नसते!

श्रोणीच्या रुंदीची कडी तपासायला आणखी एक कोन कामाचा आहे. कमरेच्या हाडाचे पुढे हाताला लागणारे टोक, गुडघ्याच्या वाटीचा मध्य आणि नडगीच्या वरच्या भागातला उंचवटा, या तीन बिंदूंनी होणारा. याला ‘क्यू कोन’ म्हणतात, आणि तो स्त्रियांत मोठा असतो हे वाक्य पिढ्यान्पिढ्या पाठ केले जाते. २००५ साली रोनाल्ड ग्रेलसॅमर आणि सहकाऱ्यांनी तो पुन्हा मोजला. स्त्री-पुरुषांतला सरासरी फरक निघाला अवघा २.३ अंश. शिवाय सारख्याच उंचीचे स्त्री-पुरुष घेतले तर कोनही सारखेच. त्रिकोणमितीत हे नववी-दहावीच्या विद्यार्थ्यालाही पटेल : पाया तेवढाच ठेवून त्रिकोणाची उंची वाढवली की शिरोकोन लहान होतो. पुरुष सरासरीने उंच असतात, त्यामुळे त्यांचा कोन लहान. ज्याला आपण स्त्रीत्वाचा गुण समजत होतो त्याचा मोठा भाग उंचीचा गुण निघाला.

एका तालुक्याच्या गावी शिक्षकांच्या शिबिरात आम्ही हा कोन दोरा आणि कोनमापक घेऊन मोजून घेतला. शिक्षकांनी शिक्षकांचा मोजला, शिक्षिकांनी शिक्षिकांचा. त्याच माणसाचा कोन तिघांनी मोजला की तीन उत्तरे येत. पावले जरा बाहेर वळवून उभे राहिले की उत्तर बदले. मांडीचा स्नायू ताणला की पुन्हा बदले. दोन अंशांच्या फरकावर पानभर निष्कर्ष लिहिणाऱ्यांनी आधी मोजणीची चूक किती अंशांची ते लिहावे, असे एका गणिताच्या शिक्षिकेने सुचवले. आम्ही लगेच दुजोरा दिला.

मोजणीचा घोळ केवळ दोऱ्यापुरता असता तर सोडून दिले असते. तो क्ष-किरणचित्रांतही आहे, आणि तिथे तो गंभीर आहे. खुब्यापासून घोट्यापर्यंत संपूर्ण पायाचे चित्र घ्यायला लांब फिल्म आणि जागा लागते. साध्या दवाखान्यात गुडघ्यापुरतेच छोटे चित्र काढतात. छोट्या चित्रात खुबा दिसत नाही, म्हणून मांडीच्या आणि नडगीच्या हाडांच्या दांड्यांमधला कोन मोजतात. हा दुसराच कोन आहे. पाय सरळ असतानाही मांडीचे हाड तिरपे असते, म्हणून छोट्या चित्रात गुडघा काही अंश आत वळलेला दिसतो. यावर उपाय म्हणून एक ठरावीक आकडा वजा करण्याची पद्धत आहे.

हा ठरावीक आकडा किती? व्हर्जिनिया क्राउस आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दोन्ही कोन मोजून तो काढला. सर्वांची सरासरी ४.२ अंश. पण स्त्रिया आणि पुरुष वेगळे काढले तर स्त्रियांसाठी ३.५ अंश आणि पुरुषांसाठी ६.४ अंश! याचा परिणाम पाहा. एक पुरुष आणि एक स्त्री, दोघांचेही पाय लांब चित्रात अगदी सरळ, फरक शून्य. छोट्या चित्रात पुरुषाचा गुडघा ६.४ अंश आत दिसेल, स्त्रीचा ३.५. दोघांतूनही ४.२ वजा केले तर पुरुष २.२ अंश व्हॅल्गस ठरतो आणि स्त्री ०.७ अंश व्हेरस. जिथे काहीच फरक नव्हता तिथे जवळजवळ तीन अंशांचा फरक तयार झाला, आणि तोही पाठ्यपुस्तकाच्या उलट दिशेचा. उलटपक्षी दोघांच्या छोट्या चित्रांत सारखाच कोन आला तर खरोखरीचा तीन अंशांचा फरक झाकून जाईल. तो अभ्यास फार मोठा नव्हता, आकडे इतरत्र थोडे बदलतील. पण इशारा स्पष्ट आहे. बेल्जियममध्ये साऱ्या स्त्री-पुरुषांतला फरक एक अंशाचा, आणि मोजण्याच्या रीतीतून निर्माण होणारा फरक तीन अंशांचा! ‘संधिवाती गुडघ्याच्या कोनातील स्त्री-पुरुष भेद’ असे शीर्षक दिसले की आम्ही आता आधी निबंधाचे दुसरे पान उघडतो आणि चित्र लांब होते की छोटे ते पाहतो. तिथे उत्तर नसेल तर पुढचे कोष्टक वाचण्यात वेळ घालवत नाही.

कोणाचे गुडघे मोजले, हा याहून अवघड प्रश्न. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात लोणीला मोठे ग्रामीण रुग्णालय आहे, १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, फिजिओथेरपीचे शिक्षणही तिथे मिळते. अशा ठिकाणच्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी रुग्ण हवे असतात, आणि ते बाह्यरुग्ण विभागात मिळतात. यात गैर काही नाही. पण बाह्यरुग्ण विभागात येतो तो गुडघा, जो तिथवर पोहोचला. दुखू लागल्यावर कोण किती दिवसांनी पोहोचतो, याचा हाडांशी काही संबंध नाही. त्याचा संबंध एस. टी. च्या भाड्याशी, घरच्या कामाशी आणि ‘चला, दाखवून येऊ’ असे म्हणणारे माणूस घरात आहे की नाही याच्याशी आहे. आणि संधिवात जितका जुना तितका कोन वाकडा, कारण आतला कप्पा झिजला की पाय आणखी फेंगडा होतो, आणि फेंगडा झाला की तो कप्पा आणखी झिजतो. बायका जर उशिरा पोहोचत असतील तर त्यांचा कोन अधिक वाकडा निघणारच. मग आपण मोजले काय? स्त्री-पुरुषांच्या सांगाड्यातला फरक, की दवाखान्यात पोहोचायला लागलेल्या वर्षांतला?

हा केवळ आमचा तर्क नव्हे, आणि केवळ आपल्या खेड्यांची गोष्टही नव्हे. कॅनडाच्या आँटॅरिओ प्रांतात जिलियन हॉकर आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले, की सांधेबदलाची गरज असूनही शस्त्रक्रिया न झालेल्यांचे प्रमाण स्त्रियांत पुरुषांच्या तिपटीहून अधिक आहे. २००८ साली तिथल्याच संशोधकांनी याहून धारदार प्रयोग केला. मध्यम संधिवात असलेला एक पुरुष आणि एक स्त्री यांना सारखीच लक्षणे सांगायला शिकवून वेगवेगळ्या डॉक्टरांकडे पाठवले. ६७ टक्के डॉक्टरांनी पुरुषाला शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. स्त्रीला ३३ टक्क्यांनी. दुखणे तेच आणि सल्ला निम्मा.

दवाखान्याबाहेरची पाहणी आपल्या शेजारीच झाली आहे. कर्जत तालुक्यातल्या राशीनहून भीमा ओलांडली की पुणे जिल्ह्यातले भिगवण लागते. तिथे १९९६ मध्ये पुण्याचे संधिवाततज्ज्ञ अरविंद चोप्रा यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या एका कार्यक्रमाखाली घरोघर जाऊन पाहणी सुरू केली. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्के लोकांना, हाडे-सांधे-स्नायूंची दुखणी होती, आणि झिजेचा संधिवात शंभरात सुमारे सहा जणांना होता. कोण दवाखान्यात आले याची वाट न पाहता कोणाला दुखते हे विचारल्यामुळे या आकड्यांना मोल आहे. त्यात कोनाची मोजणी हा उद्देश नव्हता. पण आपल्या जिल्ह्यातही जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाने हे दाखवून दिले आहे, की गावातल्याच बाईला शिकवले तर ती घराघरांतल्या आरोग्याची नोंद उत्तम ठेवते. गुडघे जोडून उभे राहिल्यावर घोट्यांत किती बोटे अंतर पडते, किंवा घोटे जोडल्यावर गुडघ्यांत किती, हे पाहायला तर क्ष-किरणांचीही गरज नाही.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. दोन पृष्ठभाग घासून किती झिजतील याचा एक साधा नियम आहे. १९५३ साली आर्चर्ड यांनी तो मांडला : झीज भाराच्या आणि घासलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढते, आणि पृष्ठभाग जितका कठीण तितकी कमी होते. गुडघ्यातली कूर्चा जिवंत असते, ती स्वतःची थोडीफार डागडुजी करते, संधिवातात दाहही असतो; त्यामुळे हा नियम जसाच्या तसा लावणे चूक ठरेल. पण प्रश्न कोणते विचारायचे ते हा नियम शिकवतो. कारखान्यात बेअरिंग झिजले तर आम्ही पहिल्यांदा विचारतो : भार किती होता, किती तास चालले, माल कसा होता? बेअरिंग किती अंश तिरके बसले होते हेही विचारतो, पण तेवढेच विचारून अहवाल लिहिला तर वरिष्ठ तो परत पाठवतील. पत्रकाने नेमके तेवढेच केले होते. भार आणि तास यांचा त्यात उल्लेखच नव्हता.

आत्याबाईंचे तास मोजायचे म्हटले तर कोठून मोजावेत? कांद्याची लागण आणि खुरपणी उकिडवे बसून. चुलीपुढे उकिडवे. धुणे, भांडी, सारवण उकिडवे. डोक्यावर हंडा, वैरणीचा भारा. पाथर्डी-जामखेडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बायका मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत चालतात. तिथे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात आणि मजुरीही कोयत्यावर लागते, पण स्वयंपाकाचे तास त्या कोयत्यात धरत नाहीत. बीजिंगमध्ये झालेल्या एका मोठ्या पाहणीत लोकांना विचारले, की पंचविशीत असताना रोज किती वेळ उकिडवे बसत होता? २००४ साली निष्कर्ष आला : रोज तीन तास किंवा अधिक बसणाऱ्यांत गुडघ्याचा संधिवात सुमारे दुप्पट आढळला, पुरुषांत आणि स्त्रियांतही. चाळीस वर्षांपूर्वीचे तास आठवून सांगायचे, त्यामुळे चुका असणार, हे मान्य. पण त्याच पाहणीतली आणखी एक गोष्ट अधिक बोलकी आहे. बीजिंगच्या आणि फ्रॅमिंगहॅमच्या पुरुषांत गुडघ्याच्या संधिवाताचे प्रमाण सारखेच होते. बीजिंगच्या स्त्रियांत मात्र ते फ्रॅमिंगहॅमच्या स्त्रियांपेक्षा बरेच अधिक. रुंद श्रोणी दोन्हीकडच्या स्त्रियांना आहे. मग दोन गावांत एवढा फरक कुठून आला, याचे उत्तर नुसत्या सांगाड्यात सापडणार नाही.

स्त्रीच्या शरीरात वेगळे काहीच नाही, असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. कूर्चेचे आकारमान, स्नायूंची ताकद, रजोनिवृत्तीनंतरचे बदल, यांवर गंभीर काम चालू आहे आणि त्यातून काही हाती लागेलही. पण ‘स्त्रीचा गुडघा वेगळा’ हे वाक्य विकायला फार सोपे आहे, हेही विसरू नये. २००६ साली झिमर या अमेरिकी कंपनीने खास स्त्रियांसाठी कृत्रिम गुडघा बाजारात आणला आणि थेट स्त्रियांना उद्देशून जाहिराती केल्या. दक्षिण कोरियात यंग-हू किम यांनी त्याची सरळ परीक्षा घेतली : ज्या स्त्रियांचे दोन्ही गुडघे बदलायचे होते त्यांच्या एका पायात नेहमीचा गुडघा बसवला, दुसऱ्यात ‘स्त्रियांचा’. २०१० साली निकाल आला. दोन्ही पायांत सांगण्यासारखा फरक पडला नाही. प्रयोगाची मांडणी इतकी सुंदर आहे, की विज्ञानाच्या शिक्षकाने ‘नियंत्रित प्रयोग’ शिकवताना हेच उदाहरण द्यावे. वय तेच, वजन तेच, काम तेच. बदलला तो फक्त गुडघा.

शोधनिबंध लिहिणाऱ्या आमच्या तरुण मित्रांकडे एक मागणी आहे. स्त्री-पुरुषांचे सरासरी कोन छापायचे तर त्यांच्या शेजारी उंची छापा, चित्र लांब की छोटे ते छापा, दुखणे सुरू होऊन किती वर्षांनी रुग्ण आला ते छापा, आणि उकिडव्या कामाची वर्षे छापा. दोन सरासऱ्यांऐवजी सगळ्या गुडघ्यांचे ठिपके एका आलेखावर मांडा, म्हणजे दोन्ही गट एकमेकांत किती मिसळलेले आहेत ते दिसेल. अशा कोष्टकातूनही फरक उरला तर तो आम्ही आनंदाने मान्य करू.

आत्याबाईंना आम्ही दिवाळीत पुन्हा भेटलो आणि एवढे सारे थोडक्यात सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “म्हणजे बाईचा जन्म म्हणून नाही, तर?” आम्ही म्हटले, निदान त्या चित्रात दाखवल्यासारखे तरी नाही. आठ-दहा वर्षांत त्यांना मांडीच्या स्नायूंचा व्यायाम कोणी शिकवला नव्हता. बायकांच्या जातीला असतेच, एवढे ऐकवून प्रत्येकाने गोळ्या तेवढ्या लिहून दिल्या होत्या. त्या व्यायामाने दुखणे कमी होते आणि चालणे सुधारते, याला चांगला आधार आहे. आम्ही त्यांना तालुक्याला फिजिओथेरपिस्टकडे नेले. बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे होईपर्यंत धरायचा आणि सोडायचा. परतताना वाटेत त्यांनी विटेएवढ्या उंचीची दोन स्टुले विकत घेतली, एक चुलीपुढे बसायला आणि एक भांड्यांपाशी. सुनेसाठीही एक घ्यायला लावले.